कचेरीला पाठवावयाची दिवाळीची भेट

दिवाळी आठवड्यावर आली कीं मुंबईच्या फोर्टांतील किंवा अंधेरीच्या एखाद्या मोठ्या इमारतीच्या दारांत एक ठरलेला देखावा दिसूं लागतो. पहारेकऱ्याच्या टेबलाशेजारीं रंगीत कागदांत गुंडाळलेले खोके एकावर एक चढूं लागतात. कोणी छापखान्यानें पाठविलेला, कोणी मालवाहतूक करणाऱ्यानें, कोणी हिशेबतपासनिसानें, कोणी संगणकांची देखभाल करणाऱ्या मंडळींनीं. पाठविणाराचें नांव सोनेरी अक्षरांत, घेणाराचें एका लहानशा चिठ्ठीवर. दुपारीं हे खोके वरच्या मजल्यावर जातात, आणि त्यांपैकीं बरेचसे त्याच संध्याकाळीं पुन्हां खालीं येऊन मोटारीच्या डिकींत विराजमान होतात. वर्षभर त्या छापखान्याचीं प्रुफें ज्यांनीं तपासलीं, त्या मालवाल्याच्या गाड्या ज्यांनीं उतरवून घेतल्या, त्या हिशेबनिसाला हवे ते कागद ज्यांनीं कपाटांतून शोधून दिले, ते लोक आपापल्या जागेवरून हा प्रवास पाहत असतात. कोणी कांहीं बोलत नाहीं. परंतु ज्या सद्भावासाठीं पैसा खर्च झाला तो सद्भाव तेवढ्यांत आटलेला असतो. भेट न पाठविली असती तर निदान तो होता तसा राहिला असता.

आज मला बोलावयाचें आहे तें ह्याच खोक्यांविषयीं. म्हणजे आपण ज्यांचें काम करतों त्या ग्राहकाच्या कचेरीला, तेथील सर्वांनीं मिळून घ्यावी ह्या हेतूनें पाठवावयाच्या भेटीविषयीं. एका व्यक्तीला द्यावयाच्या भेटीचें शास्त्र वेगळें आहे. तेथें घेणाराची आवड ठाऊक असली म्हणजे निम्में काम झालें. परंतु तीस माणसांच्या समूहाची आवड ती कोणती म्हणावयाची? तेथें प्रश्न आवडीचा नसतोच, वांटणीचा असतो. जी सहज वांटतां येईल ती वस्तु निवडावी, आणि ती वांटली जाईलच अशा रीतीनें पाठवावी, एवढेंच ह्या विद्येचें मर्म आहे. तें साधावयास पैशापेक्षां थोडी चौकशी अधिक उपयोगीं पडते.

आपल्या भाषेंत देण्याघेण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. खालच्यानें वरच्याला द्यावयाचा तो नजराणा. धन्यानें गड्याला, घरमालकानें टपालवाल्याला द्यावयाची ती दिवाळीची पोस्त. लग्नमुंजींत बरोबरीच्यांनीं एकमेकांस करावयाचा तो अहेर. त्याची वहींत नोंद व्हावयाची, आणि पुढें त्याच तोलाची परतफेडहि व्हावयाची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटावयाचें तें वाण. तेथें घरीं आलेल्या प्रत्येकीच्या ओटींत एकच वस्तु पडावयाची, मग ती मामलेदाराची बायको असो कीं शेजारची शिवणकाम करणारी असो. इंग्रजी अमदानींत ह्यांत डालीची भर पडली. नाताळच्या सुमारास कंत्राटदार आणि जमीनदार साहेबाच्या बंगल्यावर फळांची व मेव्याची टोपली घेऊन जात, तिला डाली म्हणत. साहेबलोक त्याचाच 'डॉली' असा उच्चार करीत. टोपलींत वर संत्रीं असत आणि तळाशीं एखादी विनंति असे, हें देणाऱ्यालाहि ठाऊक आणि घेणाऱ्यालाहि ठाऊक. त्यापूर्वीं कंपनी सरकारांत तर हें प्रकरण इतकें हाताबाहेर गेलें होतें कीं १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टांत कंपनीच्या नोकरांनीं येथील लोकांकडून भेटी घेऊं नयेत अशी मनाईच घालावी लागली. त्याआधीं आठ वर्षें, म्हणजे १७६५ सालीं, नोकरांकडून तशा अर्थाचे करार क्लाइव्हनें लिहून घेतले होते. आणि प्लासीच्या लढाईनंतर स्वतः क्लाइव्हनें काय घेतलें तें इतिहासांत नमूद आहे!

साहेबाच्या खोलींत जाणारा आजचा खोका हा डालीचाच वंशज आहे. कागद नवा, टोपली जुनी. ज्याला संबंध कचेरीला भेट द्यावयाची आहे त्यानें डालीकडे न पाहतां आपल्या चाळींतल्या फराळाच्या ताटाकडे पाहावें. दिवाळीच्या दिवशीं शेजारच्या बिऱ्हाडीं ताट जातें तेव्हां तें कोणाच्या एकट्याच्या नांवानें जात नाहीं. घराच्या नांवानें जातें. त्या घरांत माणसें किती हें पाठविणाऱ्या गृहिणीला ठाऊक असतें, आणि करंज्या तेवढ्याच मांडलेल्या असतात. गोड, तिखट, खारें असें सर्व थोडें थोडें असतें, म्हणजे आजोबांना एक आणि मुलांना दुसरें. ताटावर विणलेला रुमाल असतो, सोनेरी अक्षरें नसतात. आणि तें ताट रिकामें परत येत नाहीं. पण आलें तरी कोणी वहींत मांडून ठेवीत नाहीं. कचेरीच्या भेटीचे बहुतेक सर्व नियम ह्या ताटांत आहेत.

व्यापारी संबंधांतील भेटीला दिवाळीचाच मुहूर्त कां, असें कोणी विचारील. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला विक्रम संवताचें नवें वर्ष लागतें. मुंबईच्या गुजराती व मारवाडी पेढ्यांचे चोपडे त्या सुमारास बदलत, जुनीं खातीं मिटत, आणि वर्षभर ज्यांच्याशीं व्यवहार झाला त्यांचें तोंड गोड केलें जाई. आतां सरकारी हिशेबाचें वर्ष ३१ मार्चला संपतें, तरी चोपडीपूजन चालू आहे, आणि मुंबईच्या शेअरबाजारांत १९५७ सालापासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदेहि होत आले आहेत. म्हणजे ह्या भेटीचा मूळ अर्थ 'हिशेब चुकता झाला, लोभ असावा' असा आहे. तिला पुढच्या कंत्राटाचा वास येऊं लागला कीं ती मूळ अर्थापासून ढळली असें समजावें.

म्हणून वस्तु निवडण्याच्याहि आधीं एक चौकशी करावी लागते: ज्यांना पाठवावयाची त्यांना ती घेतां येते काय? सरकारी कचेऱ्यांच्या बाबतींत माझें मत स्पष्ट आहे. तेथें पाठवूंच नये. केंद्र सरकारच्या नोकरांस १९६४ चे वर्तणुकीचे नियम लागू आहेत, महाराष्ट्र शासनाच्या नोकरांस १९७९ चे. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं झालेल्या दुरुस्तीपासून लांच देणारा हाहि सरळ अपराधी ठरतो. पाव किलो पेढ्यांनीं कोणी तुरुंगांत जात नाहीं हें खरें. पण ज्याच्या टेबलावर आपला अर्ज पडलेला आहे त्याला पेढे घ्यावे कीं परत करावे ह्या संकटांत आपण कां घालावें? शुभेच्छांचें एक पत्र पुरे. खाजगी कंपन्यांतहि हल्लीं ह्याविषयींचे लेखी नियम असतात. कोठें मुळींच बंदी, कोठें अमुक किंमतीपर्यंत मुभा, कोठें व्यक्तीला मनाई पण सर्वांनीं मिळून खावयाच्या पदार्थाला हरकत नाहीं. तेथल्या कारभाराच्या विभागाला साधा प्रश्न केला तर कोणी रागावत नाहीं. नाहीं म्हणालेच, तर आपले पैसे वांचले आणि त्यांचा मान राहिला.

कराच्याहि दोन गोष्टी येथेंच सांगून टाकतों. व्यवसायाच्या संबंधांतून एकाच ठिकाणीं वर्षभरांत २०,००० रुपयांहून अधिक किंमतीचा लाभ दिला, तर त्यावर १० टक्के आयकर कापून भरण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून अमलांत आली आहे. आणि भेट म्हणून दिलेल्या मालावर जो वस्तु व सेवा कर आपण भरलेला असतो त्याची वजावट आपणांस मिळत नाहीं. लहान व्यावसायिकांस पहिली गोष्ट बहुधा लागू पडणार नाहीं, दुसरी पडेल. हिशेबनिसाला आधीं विचारावें.

आतां मुख्य कामाकडे वळूं. तें म्हणजे माणसें मोजणें.

कचेरींत माणसें किती, असें साहेबांना विचारलें तर ते हजेरीपटावरचा आंकडा सांगतात. तो आंकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. झाडलोट करणाऱ्या बाया कंत्राटदाराच्या पटावर असतात, दारावरचा पहारेकरी तिसऱ्याच संस्थेच्या, चहा देणारा पोऱ्या चौथ्याच्या. तीन महिन्यांसाठीं शिकाऊ म्हणून आलेलीं मुलें तर कोणाच्याच पटावर नसतात. उलट, पटावर नांव असलेलीं कांहीं माणसें आठवड्यांतून दोनच दिवस कचेरींत येतात आणि उरलेले दिवस घरून काम करतात. तेव्हां खरा आंकडा हवा असेल तर तो चहावाल्याला विचारावा. दुपारीं चार वाजतां किती कप लागतात, हा प्रश्न केला कीं तो क्षणांत उत्तर देतो, आणि त्यांत पहारेकरीहि असतो, झाडणारी बाईहि असते. त्या आंकड्यांत चारास एक ह्या प्रमाणानें भर घालावी. त्या दिवशीं बाहेरगांवचा कोणी आलेला असतो, आणि कोणी तरी दोन घेतोच.

समजा, बत्तीस कप होतात. मग भर धरून चाळीस लाडू हवेत. बेसनाचा लाडू चाळीस ग्रॅमचा वळला तर किलोला पंचवीस बसतात. म्हणजे एक किलो सहाशें ग्रॅम. चकली वीस ग्रॅमची धरली तर किलोला पन्नास. माणशीं दोन म्हटल्या तर चौसष्ट, म्हणजे दीड किलोंत भागून अकरा उरतात. चिवडा माणशीं मूठभर, सुमारें चाळीस ग्रॅम. त्याचाहि दीड किलो पुरे. सर्व मिळून साडेचार किलोंच्या आसपास वजन झालें. आतां त्याच पैशांत मखमलीच्या पेटींतून येणाऱ्या मेव्याचा विचार करा. पेटीचें वजन दांडगें, आंत चार खण, प्रत्येक खणांत दोनशें ग्रॅम बदाम, काजू, पिस्ते नि मनुका. ती पेटी बत्तीस जणांत वांटावयास बसलें तर माणशीं पंचवीस ग्रॅम येतात, आणि वांटणाराच लाजतो. म्हणून ती वांटली जात नाहीं. जशी आली तशी उचलली जाते. मखमलीच्या पेटीचा हाच दोष आहे. ती एकाच्याच हातीं शोभते.

येथें एक सूत्र हातीं लागतें. सुटी, मोजतां येणारी, बोटांनीं उचलतां येणारी, कोरडी वस्तु वांटली जाते. कापावी लागणारी, ओतावी लागणारी, थंड ठेवावी लागणारी वस्तु अडून राहते. मोठा केक आला कीं सुरी शोधा, बशा शोधा, आणि कापणाऱ्यानें कोणाला कोपरा दिला व कोणाला मधला भाग दिला ह्याची चर्चा ऐका. अननस व कलिंगड ह्यांची तीच गत. गुलाबजामांचा डबा फोडला कीं पाक पहिल्यांदा टेबलावर, मग कागदांवर आणि शेवटीं संगणकाच्या कळफळ्यावर पोहोंचतो. श्रीखंडाला वाट्या, चमचे आणि शीतकपाट हवें. कचेरीच्या शीतकपाटांत आधींच सर्वांचे डबे कोंबलेले असतात. चिवड्यालाहि कागदी द्रोण लागतात, ते खोक्यांतच घालावेत, आणि हात पुसावयाचे कागदहि. ही सव्वाशें-दीडशें रुपयांची भर आहे. पण ती नसली म्हणजे डबा 'उद्यां वांटूं' म्हणून कपाटावर जातो, आणि उद्यांचा परवा होतो.

खव्याच्या व छेन्याच्या मिठाईवर माझा कचेरीपुरता रोष आहे. घरीं ती आणावी, त्याच दिवशीं खावी, उत्तम. परंतु कचेरीला पाठविलेला खोका दारावर एक दिवस, कारभाराच्या खोलींत एक दिवस असा मुक्काम करीत जातो, आणि मिठाई तेवढा काळ थांबत नाहीं. दिवाळीच्या दिवसांत भेसळीच्या खव्यावर अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडतात, हें आपण दरवर्षीं वाचतोंच. सुट्या मिठाईच्या परातीसमोर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी तें लिहून ठेवावें असा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. ती तारीख वाचून मगच वजन करावयास सांगावें. लाडू, शंकरपाळे, चकल्या, कडबोळीं हा माल दोन आठवडे सहज टिकतो, आणि चिक्कीसारखी वस्तु त्याहूनहि अधिक.

आतां कोण काय खात नाहीं ह्याचा विचार. मुंबईच्या कोणत्याहि कचेरींत दहा घरांच्या दहा चालीरीती एका टेबलाशीं बसलेल्या असतात. जैन मंडळी कंदमूळ खात नाहींत, म्हणून बटाट्याचा चिवडा त्यांना चालत नाहीं, पोह्यांचा चालतो. त्यांतहि कांदा-लसूण नको. त्यांच्यापैकीं पुष्कळजण सूर्यास्तानंतर खात नाहींत, तेव्हां सहा वाजतां उघडलेला डबा त्यांच्या उपयोगाचा नाहीं. चांदीच्या वर्खाविषयीं शाकाहारी लोकांत जुना संशय आहे, कारण पूर्वीं तो जनावराच्या आंतड्याच्या पुडींत ठेवून कुटीत. २०१६ सालीं अन्नसुरक्षेच्या नियमांनीं वर्ख करतांना असा पदार्थ वापरण्यास मनाई केली, तरी संशय नियमानें जात नाहीं. बिनवर्खाची काजूकतली तितकीच गोड असते. अंड्याचा केक किंवा बिस्कीट पाठवूं नये. पुड्यावर हिरवी खूण आहे ना, तें पाहावें. दारू घातलेलीं चॉकोलेटें परदेशी दुकानांतून येतात. तीं एकाला आवडतील आणि पांचांना अपमानास्पद वाटतील. शेंगदाणा किंवा काजू ज्याला बाधतो असा एखादा असतोच, म्हणून कशांत काय घातलें आहे त्याची चिठ्ठी डब्यावर डकवावी. आणि मधुमेही तर आतां घरोघर आहेत. त्यांच्यासाठीं 'बिनसाखरेची मिठाई' म्हणून वेगळा पुडा पाठविणें मला प्रशस्त वाटत नाहीं. चारचौघांत तो पुडा जो उचलील त्याचा आजार जाहीर होतो. त्यापेक्षां तिखट व खारें अर्ध्याहून अधिक असावें, म्हणजे ज्याला गोड नको तो न बोलतां चकली घेतो.

गोव्यांत ह्या विचाराला आणखी एक पदर आहे. तेथें दिवाळीला पोह्यांचे नाना प्रकार होतात, आणि नाताळांत ख्रिस्ती घरांतून दोदोल, नेवऱ्या, कुलकुल अशा पदार्थांचें ताट शेजाऱ्यांकडे जातें. शेजारी हिंदु असला तरी जातें. म्हणजे आपल्या फराळाच्या ताटाचें तें सख्खें भावंड. पणजीच्या किंवा मडगांवच्या कचेरीला दिवाळी आणि नाताळ ह्यांपैकीं कोणत्या सणाला भेट पाठवावी हा प्रश्न तेथील लोकांनाच विचारलेला बरा. ते बहुधा हंसून 'दोन्ही' म्हणतील. मात्र बेबिंकेविषयीं सावध असावें. थरावर थर भाजून केलेला हा पदार्थ, २०२३ सालीं त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें, चांगला टिकतो, आणि त्याचे तुकडे सुबक पडतात. ह्या सर्व गोष्टी आपल्या सूत्रांत बसतात. परंतु त्यांत अंड्यांचे बलक पुष्कळ असतात, हें शाकाहारी ग्राहकाला आधीं सांगणें आपलें कर्तव्य आहे.

वस्तु ठरली, वजन ठरलें, आतां दिवस. पुष्कळ लोक धनत्रयोदशीला खोके रवाना करतात, आणि तेथेंच चुकतात. तोंवर कोंकणची मंडळी गाडींत बसलेली असतात, उत्तरेकडची मंडळी दिवाळीमागून येणाऱ्या छठ पूजेसाठीं गांवीं निघालेलीं असतात, आणि राहिलेल्यांचें लक्ष घड्याळाकडे असतें. वसुबारसेच्या आधीं चार-पांच दिवस भेट पोहोंचावी. त्यांतहि वसुबारसेच्या आदल्या दिवशीं रमा एकादशी असते, उपवास करणारे लाडवाकडे नुसते पाहत बसतात; तो दिवस टाळावा. दिवाळी इंग्रजी महिन्यांत स्थिर नसते: २०२५ सालीं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतें, २०२६ सालीं अधिक ज्येष्ठामुळें तें ८ नोव्हेंबरला येतें. म्हणून गेल्या वर्षींच्या तारखेवर विसंबून मिठाईवाल्याकडे मागणी नोंदविणारा फसतो. आठवड्यांतला वारहि पाहावा. ज्या कचेरींत सोमवारीं व शुक्रवारीं निम्मीं टेबलें रिकामीं असतात तेथें बुधवार चांगला. आणि वेळ म्हणाल तर दुपारच्या चहाच्या थोडी आधीं. जेवणापूर्वीं आलेला डबा भूक मारतो, संध्याकाळीं आलेला डबा घरीं जातो.

इतकें करूनहि सर्व जमवाजमव एका चिठ्ठीवर अवलंबून असते. ती म्हणजे खोक्यावरच्या पत्त्याची चिठ्ठी. तीवर जनरल मॅनेजरांचें नांव लिहिलें कीं खोका त्यांचा झाला. मग आंत चाळीस लाडू असोत कीं चारशें. पट्टेवाला तो त्यांच्याच टेबलावर ठेवणार, आणि उघडण्याचें धैर्य दुसरा कोणी करणार नाहीं. ते साहेब सज्जन असले तरी परगांवीं असतील. म्हणून चिठ्ठीवर 'लेखा विभागांतील सर्व मंडळींस, चहा विभाग व दारावरील मंडळींसह' असें ठळक लिहावें. साहेबांचा मान राखावयाचा असेल, आणि तो राखलाच पाहिजे, तर त्यांना आदल्या दिवशीं फोन करून सांगावें कीं, 'उद्यां चहाच्या वेळीं सर्वांसाठीं फराळ येत आहे, आपल्या हस्तें वांटला जावा.' मी पुष्कळ व्यवहारी माणसांना ही युक्ति सांगितली आहे. साहेबाला खोका मिळण्यापेक्षां वांटण्याचा मान मिळाला तर तो अधिक संतुष्ट होतो.

खोक्यांत पत्र असावें, छापील कार्ड नव्हे. चार ओळी पुरतात, पण त्यांत कामाचा उल्लेख हवा. 'पावसाळ्यांत आमची गाडी रात्रीं उशिरां आली असतां ज्यांनीं थांबून माल उतरवून घेतला त्यांचे आभार', एवढें वाचलें कीं गोदामांतल्या माणसाला कळतें कीं ही दिवाळी आपल्याला आली आहे. तें पत्र भिंतीवर चिकटविलें जातें. लाडू तासाभरांत संपतात, पत्र मार्चपर्यंत टिकतें.

'साहेबांना वेगळें कांहीं आणि कचेरीला वेगळें कांहीं, असें दोन्ही पाठविलें तर?' असा प्रश्न मला नेहमीं करण्यांत येतो. पाठवूं नये. दोन खोके एकाच लिफ्टनें वर जातात, आणि लहान खोका कोणाचा व मोठा कोणाचा हें तिसऱ्या मजल्यापर्यंत सर्वांना कळलेलें असतें.

खाण्याखेरीज दुसरें कांहीं सर्वांना मिळून देतां येईल काय? येईल, आणि येथें मराठी माणसाजवळ एक वस्तु आहे, ती दुसऱ्या कोणाजवळ क्वचितच असेल. ती म्हणजे दिवाळी अंक. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळीचा विशेष अंक काढला, तेव्हांपासून ही परंपरा अखंड चालू आहे. आठ-दहा वेगवेगळे अंक एकत्र बांधून, आंत एक साधी वही घालून पाठवावे. कोणी कोणता अंक कोणत्या तारखेला नेला तें वहींत लिहावयाचें. पुष्कळ कचेऱ्यांतून वर्गणी काढून अंकांची अशी फिरती योजना मंडळी स्वतःच चालवितात; तेथें आपली भर पडेल. अंक कापावा लागत नाहीं, वितळत नाहीं, कोणाला वर्ज्य नाहीं, आणि एकानें वाचल्यानें दुसऱ्याचा वांटा कमी होत नाहीं. ज्या कचेरींत निम्मी मंडळी मराठी वाचणारीं नाहींत तेथें मात्र केवळ अंकांवर भागवूं नये. सोबत चकलीचा डबा हवाच. भिंतीवरचें घड्याळ, टेबलावरची मूर्ति, आपल्या दुकानाचें नांव छापलेल्या लेखण्या ह्या वस्तूंना मी भेट म्हणत नाहीं. त्या जाहिराती आहेत. जाहिरात म्हणून खुशाल वांटाव्यात.

फराळ कोठून घ्यावा, हेंहि सांगावयास हवें. मोठ्या दुकानांतून घेतल्यास वेळ वांचतो. परंतु दिवाळीच्या आधीं दोन महिने ज्या स्त्रियांचे हात पिठांत असतात त्यांच्याकडून थेट घेतला तर त्याच पैशाचें काम दुप्पट होतें. मुंबईच्या गिरणगांवांतील खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून प्रेमाताई पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें, आणि त्यानंतर गांवोगांवीं बचत गट व गृहोद्योग निघाले. त्यांच्याकडे मागणी मात्र गणेशोत्सव संपतांच नोंदवावी, थोडी रक्कम आगाऊ द्यावी, आणि लाडवाचें वजन किती ग्रॅम तें ठरवून घ्यावें. ऐनवेळीं जाऊन घाई केली तर त्यांना रात्रीं जागाव्या लागतात, आणि लाडू लहान होतात.

भेट पोहोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं 'मिळाली ना?' म्हणून फोन करूं नये. कचेरींतल्या एखाद्याला तें हिशेब मागितल्यासारखें वाटतें. त्याऐवजीं दिवाळीनंतर कामानिमित्त जाणें होईल तेव्हां चहावाल्याशीं दोन शब्द बोलावे. काय आधीं संपलें, काय उरलें, झाडणाऱ्या बाईपर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, हें तोच नेमकें सांगतो. तें घरीं येऊन वहींत लिहून ठेवावें: कचेरीचें नांव, कप किती, चकली कमी पडली, चिवडा उरला, बटाटा चालत नाहीं, बुधवार बरा. पुढल्या भाद्रपदांत मागणी नोंदवितांना हें पान उघडलें कीं अर्ध्या तासाचें काम उरतें.